चहात काहीच नाही

माझ्या धाकट्या भावाला दोन वर्षं एकच संशय होता, की त्याच्या चहात कुणीतरी काहीतरी घालतं. दोन वर्षं आम्ही त्याला समजावत होतो. डॉक्टरांनी समजावलं, त्याच्या वहिनीनं समजावलं, मी तर आईची शपथ घेतली. आणि तिसऱ्या वर्षी मी स्वतः त्याच्या चहात औषध घालायला लागलो.

आई हयात नव्हती, एवढाच त्यातल्या त्यात दिलासा.

मी नोकरीत होतो तेव्हा दुकानांतली वजनमापं तपासायचो. तीस वर्षं. तराजू खोटा आहे की दुकानदार, हे मला दारातूनच कळायचं. पारड्याखाली मेण लावणारे पाहिले, वजन पोखरून आत बूच ठोकणारे पाहिले. या सगळ्यांची विद्या एकच असते. गिऱ्हाईकाची नजर काट्यावर खिळवून ठेवायची आणि लबाडी भलतीकडेच करायची. मी त्या सगळ्यांना दंड केला. विद्या मात्र डोक्यात राहिली.

धाकटा चहा होताना स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा. पाणी, पत्ती, दूध, साखर, सगळ्यावर त्याची नजर. मग म्हणायचा, "दादा, आधी तू पी." एकाच किटलीतून दोन कप भरले जायचे, मी माझ्यातला घोट घ्यायचो, मग तो त्याचा कप उचलायचा. त्याची नजर किटलीवर असायची. बारा थेंब त्याच्या कपाच्या तळाशी आधीच पडलेले असायचे. रंग नाही, वास नाही, चव नाही. कंपनीनं औषध असं का बनवलं असेल, यावर मी विचार करत नसे.

धाकटा पुस्तकं बांधतो. ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं गठ्ठ्यानं घरी येतात. तो ती उसवतो, पानं जुळवतो, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवतो, खळ लावून दाबाखाली ठेवतो. त्याच्या हातचं पुस्तक उघडलं की सपाट उघडं राहतं, वाचणाऱ्याला अंगठा लावावा लागत नाही. आजार आला तोही त्याच सफाईनं. पहिल्या खेपेला त्यानं घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या फटी कागदाच्या पट्ट्यांनी बंद केल्या. खळ लावून, कोपरे दुमडून, एक बुडबुडा नाही. कौतुक करावं की रडावं, कळेना. दुसऱ्या खेपेला एका दुपारी तो गच्चीच्या कठड्यापलीकडे उभा सापडला. चार बोटांची कड, खाली चार मजले. मला पाहून साधेपणानं म्हणाला, "दादा, इथं ते बोलणं ऐकू येत नाही."

मी त्याला आत कसा घेतला ते मला आठवत नाही. हातात त्याच्या सदऱ्याचं एक बटण राहिलं होतं, तेवढं आठवतं.

त्यानंतर इस्पितळात दीड महिना. घरी आला तेव्हा ठीक होता. थेंब सुरू होते तोवर ठीकच होता. मग एक दिवस म्हणाला, "मी आता हे घेणार नाही." नवव्या दिवशी त्यानं जिन्याकडे पाहत विचारलं, "गच्चीची किल्ली कुणाकडे असते?"



त्या दिवशी मी आणि बायकोनं पलंगावर बसून ठरवलं, की काही झालं तरी त्याला फसवून औषध द्यायचं नाही. डॉक्टरांनीही तेच बजावलं होतं. एकदा का त्याला कळलं तर त्याचा जगावरचा विश्वास उडेल, आणि जग म्हणजे आम्ही दोघंच. "नाही म्हणजे नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेंब घातले.

बाटली माझ्या जुन्या हत्यारांच्या पिशवीत, प्रमाणित वजनांच्या मखमली पेटीत, दोनशे ग्रॅमच्या खळग्यात बरोबर बसली. रोज बारा थेंब, एक इकडे नाही की तिकडे नाही. धाकट्याला झोप लागू लागली. गच्चीचा विषय बंद झाला. बायको म्हणाली, "बघा, औषधाशिवायही सुधारताहेत भाऊजी." मी म्हणालो, "प्रेमानं माणूस सुधारतो." ती जरा जास्तच जोरात हो म्हणाली.

सातव्या महिन्यात मात्र काहीतरी बिनसलं. धाकट्याचे हात थरथरू लागले. सुईत दोरा ओवायला त्याला अर्धा तास लागायचा, मग तो सुई टेबलावर ठेवून नुसता बघत बसायचा. चालणं पाय घासत. चेहरा असा, की कुणी पुसून कोरा केलाय. रात्री उशी लाळेनं ओली. आजार आतून वाढतोय, असं मी समजलो. माणूस घाबरलेला असला की त्याला एकच उत्तर सुचतं, आणि ते नेमकं चुकीचं असतं.

त्या बुधवारी सकाळी धाकट्याला चहा गिळता येईना. ठसका लागला. मान एका बाजूला ओढली गेली आणि थोडा वेळ तशीच राहिली. "दादा," तो जड जिभेनं म्हणाला, "मला काय होतंय?"

"काही नाही रे. थंडीनं."

मी घामानं निथळत होतो.

दर बुधवारी चार वाजता दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आजारी माणसांच्या घरच्यांची बैठक असते. एक बुधवार मी जातो, एक बुधवार बायको. दोघं एकदम जाऊ शकत नाही, घरी कुणीतरी लागतं. खोली एरवी लहान मुलांच्या तपासणीची, त्यामुळे खुर्च्या गुडघ्याएवढ्या. वयस्क माणसं त्यांवर बसली की गुडघे हनुवटीला लागतात आणि कुणालाही रुबाब करता येत नाही. भिंतीवर फळा. त्यावर लिहिलंय, 'इथलं बोलणं इथंच राहील.' ते लिहिणारी सिस्टर बैठक चालवते. तीस वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात काढलेली बाई, तिला कशाचंच आश्चर्य वाटत नाही. त्या दिवशी आम्ही चौघंच होतो. सिस्टर, मी, एक शिंपीणबाई आणि एक बसड्रायव्हर. शिंपीणबाईंची मुलगी आजारी, ड्रायव्हरची बायको.

"बोला दादा," सिस्टर म्हणाली. "आज चेहरा बरा नाही तुमचा."

मी सगळं सांगितलं. हात, पाय, लाळ, मान.

"आजार वाढतोय हो," मी म्हणालो. "औषध चालू असूनही."

"औषध घेतात ते?"

"तसं घेतो."

"तसं म्हणजे कसं?"

सात महिन्यांत मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या इवल्या खुर्चीवर बसून, गुडघ्यांआडून सांगितलं. "मी घालतो. चहात. त्याला माहीत नाही."

मला वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल, होतं असं कधीकधी. ही बैठक त्याच्यासाठीच असते. पण शिंपीणबाईंनी मान खाली घातली आणि पदराची किनार शिवण तपासावी तशी बोटांनी चाचपू लागल्या. ड्रायव्हरच्या हातातलं बिस्किट चहात बुडलेलं होतं, ते मोडून आत पडलं, त्याचं लक्षच नव्हतं. तो सिस्टरकडे बघत होता. सिस्टर फळ्याकडे बघत होती.

हे लोक माझा न्याय करताहेत, असं मला वाटलं. जरा रागही आला.

"कधी घालता?" ड्रायव्हरनं विचारलं.

"सकाळी."

"रोज?"

"रोज. बारा थेंब. चिठ्ठीवर लिहिलेत तेवढेच. मापात मी चुकत नाही."

"सिस्टर," ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही बोलता की मी बोलू?"

सिस्टर उठली. "तो नियम मी लिहिलाय, मोडायचा तर मीच मोडते. परवानगी घ्यायला वेळ नाही. दादा, मागच्या बुधवारी तुमच्या मिसेस इथं याच खुर्चीवर बसून रडल्या. त्याही थेंब घालतात. संध्याकाळच्या दुधात. तुम्हाला कळू देऊ नका म्हणाल्या. तुम्हाला फसवणूक चालत नाही म्हणून."

मी हसलो. खरंच हसलो. कारण मला ते समजलंच नाही.

"माझी बाटली माझ्याकडे आहे," मी म्हणालो. "वजनांच्या पेटीत."

"त्यांची त्यांच्याकडे आहे. शिवणाच्या डब्यात," शिंपीणबाई हळूच म्हणाल्या. "फाइलीतल्या चिठ्ठीवर दुसऱ्या दुकानातून आणली. मला वाटलं, तुम्हाला निदान अंदाज असेल."

"किती?" मी विचारलं. "ती किती घालते?"

"बारा घालत होत्या," सिस्टर म्हणाली. "हात थरथरायला लागले तसे पंधरा केले. त्यांनाही वाटलं, आजार वाढतोय. मी सांगितलं होतं, पुढचा थेंब घालायच्या आधी डॉक्टरांना भेटा. बघते म्हणाल्या."

बारा आणि पंधरा. ही बेरीज मला करायला जितका वेळ लागला तितका कुठलीच लागली नव्हती. ज्या माणसानं तीस वर्षं लोकांची दहा-दहा ग्रॅमची चोरी पकडली, त्याच्या घरात रोज दुपटीहून जास्त माप पडत होतं. सकाळी माझ्या हातानं, संध्याकाळी तिच्या. आणि आम्ही दोघं त्या माणसाची सुई जमिनीवरून उचलून देत होतो.

"दूध कधी देतात?"

"पाचला," शिंपीणबाई म्हणाल्या. "तुम्ही फिरायला जाता तेव्हा."

भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती. मी फोन लावला. वाजत राहिला. बायकोचा फोन दुपारनंतर टॉवेलात गुंडाळून कपाटात असतो, कारण घंटी वाजली की धाकटा दचकतो. ती युक्ती माझीच. पुन्हा लावला. पुन्हा. तोपर्यंत सिस्टर खाली डॉक्टरांना सांगायला गेली होती आणि ड्रायव्हर माझ्या दंडाला धरून जिना उतरवत होता.

"स्कूटर आहे माझी. बसा घट्ट."

त्याच्यामागे मी बसलो. हेल्मेट मला मोठं होतं, प्रत्येक गचक्याला डोळ्यांवर यायचं, आणि खरं सांगायचं तर ते बरंच होतं. ड्रायव्हर मन लावून चालवत होता. पण प्रत्येक बसथांब्यापाशी त्याचा वेग आपोआप कमी व्हायचा. पहिल्या थांब्याला मला वाटलं, पुढे अडथळा आहे. दुसऱ्या थांब्याला मी म्हणालो, "अहो, थांबू नका."

"थांबत नाही. हात जातो. बावीस वर्षांची खोड आहे." तिसऱ्या थांब्याला तो स्वतःलाच ओरडला, "चल ना गाढवा." थांब्यावरचे दोघं दचकून मागे सरले.

मी मनात एकच हिशेब करत होतो. आज सकाळी त्याला गिळता आलं नाही. आता पंधरा थेंब घातलेलं दूध त्याच्या घशात गेलं आणि घसा आवळला, तर? आणि त्याच्या पलीकडे दुसरं भय होतं, ते पहिल्याहून थंड. मी वेळेवर पोचलो तर मला काहीतरी बोलावं लागेल. धाकट्याच्या समोर. त्यानंतर तो आमच्या हातचं पाणीही पिणार नाही. थेंब बंद. नववा दिवस. कठडा. म्हणजे उशीर झाला तर आज जातो, आणि वेळेवर पोचलो तर पंधरवड्यानं. 

चार मजले मी चढलो. कसे, ते ड्रायव्हरला ठाऊक, तो मागून ढकलत होता.

दार लोटलेलं होतं. धाकटा त्याच्या टेबलापाशी बसला होता, पुढ्यात उसवलेलं पुस्तक. दोन्ही हातांनी त्यानं पेला धरला होता, कारण एका हातात तो राहत नव्हता. बायकोनं खालून आधार दिला होता. पेल्याची कड त्याच्या ओठांना लागलेली.

"पिऊ नकोस," मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिला एका क्षणात कळलं. तिचं गुपित फुटलंय, एवढंच; माझं तिला अजून ठाऊक नव्हतं.

"का?" धाकट्यानं विचारलं.

तेव्हाही मी खोटं बोलू शकलो असतो. दूध नासलंय, पाल पडली, काहीही. माझ्या तोंडात 'पाल' हा शब्द आलाही होता. पण त्याची मान परत तशी बाजूला ओढली जायला लागली होती, आणि तो ती सरळ करायला धडपडत माझ्याकडे बघत होता. डॉक्टर विचारणार होते, काय घेतलंय, किती घेतलंय. खोट्या मापावर औषध देता येत नाही, एवढं मला कळत होतं.

"त्यात औषध आहे," मी म्हणालो.

पेला खाली ठेवायला त्याला बराच वेळ लागला. कुणी मदत केली नाही. हिंमत नव्हती.

"दुधात," तो म्हणाला.

"हो."

"आणि चहात?"

"चहातही. चहात मी घालतो. दुधातलं मला आज कळलं."

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही? तुम्ही तर म्हणाला होता..."

"तूही म्हणाली होतीस."

"मी तुम्हाला घाबरून सांगितलं नाही."

"आणि मी कुणाला घाबरून सांगितलं नाही?"

"सात महिने?"

"तुझे किती?"

"सहा," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

आम्ही दोघं असे एकमेकांचे गुन्हे मोजत होतो, आणि ज्याचा गुन्हा केला तो मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. मान वळत नव्हती म्हणून फक्त डोळे.

"म्हणजे," तो शब्द जुळवत म्हणाला, "मी म्हणत होतो तेव्हा काही नव्हतं."

"नव्हतं. खरंच नव्हतं."

"आणि मी म्हणायचं थांबवलं तेव्हा होतं."

 मी मान हलवली.

त्यानं दारातल्या माणसाकडे पाहिलं. "हे कोण?"

"मी बस चालवतो," ड्रायव्हर म्हणाला. "माझी बायको आजारी असते. तुमच्यासारखीच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वहिनींचं मागच्या बुधवारपासून. दादांचं अर्ध्या तासापूर्वी कळलं. तुम्हाला दवाखान्यात न्यायला आलोय. डॉक्टर थांबलेत. हा मानेचा त्रास जास्त औषधानं होतोय, असं सिस्टर म्हणाली. त्यावर इंजेक्शन असतं."

"आणि मी नाही आलो तर?"

ड्रायव्हरनं डोकं खाजवलं. "तर मी इथंच बसेन. उचलून नेणार नाही. पण मला भीती वाटेल."

धाकट्यानं पुढ्यातलं पुस्तक बाजूला सरकवलं. मग उठला. "यांच्याबरोबर जातो मी," तो म्हणाला. "तुम्ही दोघं मागून या."

त्यानं ड्रायव्हरचा हात धरला. जिना उतरताना मी पुढे होऊन त्याचा दुसरा हात धरला, तर त्यानं तो काढून घेतला. मारला नाही, झटकलाही नाही. नुसता काढून घेतला, पुस्तकातनं खूण काढावी तसा.

इंजेक्शननं अर्ध्या तासात मान सरळ झाली. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवलं आणि धाकट्याशी एकट्याशी बोलले. पाऊण तास. बायको आणि मी एका बाकावर, मधे एका माणसाची जागा सोडून. सिस्टर येऊन त्या जागेत बसली.

"ओरडा तरी," बायको तिला म्हणाली.

"ओरडून काय होणार? तुम्ही दोघंही त्या कठड्याला घाबरलात. फक्त वेगवेगळे घाबरलात. आता एकत्र घाबरा. तेवढं तरी करा."

थेंब काही दिवस पूर्ण बंद ठेवायचे, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते दिवस आम्ही कसे काढले ते सांगत नाही. बायको दर तासाला गच्चीच्या दाराचं कुलूप ओढून बघायची, आणि ती झोपली की मी. धाकटा आमच्याशी बोलत नसे. स्वतःचा चहा स्वतः करायचा, कप आधी धुवायचा, आतून पुसायचा, उजेडात धरायचा.

सातव्या दिवशी तो डॉक्टरांकडून आला आणि उभ्यानंच म्हणाला, "मी घेणार आहे. निम्मे. माझे मी घेणार. पण तुम्ही दोघं घरात नसताना."

"म्हणजे?" बायकोनं विचारलं.

"सकाळी दहा मिनिटं बाहेर उभं राहायचं. जिन्यात. नंतर विचारायचं नाही. बाटली बघायची नाही. दादा, तुला डोळ्यांनी माप कळतं. म्हणून तू तर अजिबात नाही."

"आणि नाही घेतलेस तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तर दर आठवड्याला डॉक्टर मला बघतात. त्यांना कळेल. तुला नाही कळणार."

म्हणून आता रोज सकाळी साडेसातला आम्ही दोघं जिन्यात उभे राहतो. चपला घालून, म्हणजे कुणाला वाटावं बाहेर निघालोय. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दारातून वर बघत विचारतात, "कुठं निघालात?" बायको म्हणते, "कुठं नाही, हवा खातोय." आमच्या जिन्यात हवा नाही, खिडकीसुद्धा नाही, पण त्या बाई भल्या आहेत, पुढे विचारत नाहीत.

आत नळ वाजतो. मग थांबतो. तो पाणी पितोय, की थेंब मोरीत ओतून वर पाणी सोडतोय, हे दाराला कान लावला तर कळेल. लाकडी दार आहे, पातळ आहे. पहिल्या दिवशी माझं डोकं आपोआप तिकडे गेलं. बायकोनं माझी बाही धरून ओढली. दुसऱ्या दिवशी तिचं गेलं, मी ओढली. गच्चीचा जिना आमच्या डोक्यावरून वर जातो. तिकडे आम्ही बघत नाही. एकमेकांकडेही फारसं नाही.

"पाय दुखतात हो," ती म्हणते.

"बस मग पायरीवर."

"बसले तर उठवणार कोण?"

"मी."

"तुम्हाला कोण उठवणार?"

आज दहाची पंधरा मिनिटं झाली. नळ वाजला नाही. बायकोनं माझा हात धरला. मी मनात एक ते शंभर मोजले, मग उलटे मोजले. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पुस्तक दाबाखाली ठेवताना होतो तो लाकडाचा आवाज आला, मग पावलं. घासत नव्हती, उचलून टाकलेली होती. दार उघडलं.

"झालं," धाकटा म्हणाला. "या आत."

काय झालं, ते आम्ही विचारलं नाही.